लघवीच्या तपासणीवरून बाळाच्या किडनीतला अडथळा कळतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. धायरीचं कुटुंब, पाच आठवड्यांचा मुलगा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत त्याच्या डाव्या किडनीत पाणी दिसलं होतं. जन्मानंतर पाचव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी झाली. अहवालात डावीकडचा पेल्व्हिस (किडनीतली लघवी गोळा होण्याची पोकळी) १४ मिलिमीटर, फुगवटा ग्रेड ३. उजवी किडनी आणि ब्लॅडर व्यवस्थित. बाळाच्या सर्जननी दोन महिन्यांचा झाला की ईसी स्कॅन, म्हणजे शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन प्रत्येक किडनीचं काम मोजणारी तपासणी, करायला सांगितलाय. घरात आजींचा विरोध आहे : ‘एवढ्याशा जिवाला सुई आणि किरणं कशाला? लघवी तपासा की.’ वडिलांनी वाचलंय की परदेशात लघवीतल्या प्रथिनांवरून अडथळा ओळखतात. ही तपासणी पुण्यात कुठे होते, आणि बाळाची लघवीची रुटीन तपासणी नॉर्मल आली आहे तर स्कॅन टाळता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

आधी उत्तर देते, मग कारणं. जिच्या भरवशावर स्कॅन टाळावा अशी लघवीची तपासणी आज रोजच्या वापरात नाही. पुण्यात नाही आणि परदेशातही नाही. रुटीन नॉर्मल आली म्हणजे अडथळा नाही, असंही मुळीच समजू नका. पण आजींचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. हाच प्रश्न घेऊन संशोधक तीसएक वर्षं काम करताहेत, आणि मी बालमूत्रपिंडतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षांत असा एकही महिना पाहिला नाही की तो कुणी विचारला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात ‘सूज’ या शब्दापासून करावी लागेल. आपल्याकडे सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येताना आईच्या कानावर पडतं, ‘किडनीला सूज आहे.’ सूज म्हटलं की जंतुसंसर्ग, दुखणं, ताप असं सगळं डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काही नसतं. किडनीच्या मध्यभागी लघवी गोळा होण्याची एक पोकळी असते, तिला पेल्व्हिस म्हणतात. तिथून निघालेली लघवी मूत्रवाहिनीतून ब्लॅडरमध्ये उतरते. ही पोकळी नेहमीपेक्षा मोठी दिसली की तिला हायड्रोनेफ्रोसिस हे नाव मिळतं. किडनी फुगलेली आहे, तिच्यात पाणी साचलेलं दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. शंभर गरोदरपणांमागे एक-दोन बाळांत तरी हे दिसतं आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढच्या वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं.

मग अडथळा कशाला म्हणायचं? आमच्या शाखेतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. खडकवासल्याची पातळी वाढली म्हणजे दरवाजा अडकलाय असं आपण म्हणत नाही. वरून आवक जास्त असेल, धरणाचा आकारच मोठा असेल. तसंच पेल्व्हिस १४ मिलिमीटर असणं हे फक्त पातळीचं मोजमाप आहे. पुढची वाट अरुंद आहे का, आणि असलीच तर त्या अरुंदपणामुळे किडनीचं नुकसान होतंय का, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. अमेरिकेतले बालमूत्ररोगतज्ज्ञ स्टीफन कॉफ यांनी अडथळ्याची जी व्याख्या केली, ती आम्ही अजून वापरतो. लघवीच्या वाटेतली अशी अडचण, की जी तशीच ठेवली तर किडनीचं काम हळूहळू घटत जाईल, तिला अडथळा म्हणायचं. नीट बघा, ही व्याख्या उद्याबद्दल आहे. आज काढलेल्या कुठल्याही एका चित्रात, एका थेंबात ती पूर्ण सापडत नाही. म्हणूनच आम्ही पालकांना पुन्हा पुन्हा बोलावतो, आणि म्हणूनच काही जणांना वाटतं की डॉक्टरांना नक्की काही कळलेलं नाही.

आता लघवीकडे येऊ.

वाट अरुंद असली की मागे दाब वाढतो. किडनीतल्या सूक्ष्म नलिका ताणल्या जातात. ताणलेल्या पेशी संकटाचे रेणू सोडायला लागतात. त्यातला एक एमसीपी-१. हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ‘इकडे या’ म्हणून बोलावणारा रेणू आहे. त्या पेशी आल्या की टीजीएफ-बीटा नावाचा आणखी एक रेणू वाढतो, आणि तो वाढला की किडनीच्या मऊ ऊतीत जखमेच्या वणासारखे घट्ट धागे तयार व्हायला लागतात. एनजीएएल आणि किम-१ ही नलिकांना इजा झाल्याची खूण. उलट ईजीएफ हा नलिकांच्या पेशींना वाढायला, सावरायला मदत करणारा रेणू. त्या पेशी मरू लागल्या की लघवीतलं त्याचं प्रमाण घटतं. एक वाढतो, दुसरा घटतो, म्हणून ईजीएफ आणि एमसीपी-१ यांचं गुणोत्तर काढून पाहण्याची कल्पना पुढे आली. कल्पना सुंदरच आहे. सुई नाही, किरणं नाहीत, दुपटं ओलं होण्याआधी दोन थेंब पकडले की किडनीच्या आत काय चाललंय ते समजावं.

अडचण कुठे येते ते पुण्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र होतात आणि पुढे बंडगार्डनकडे जातात. तुम्ही बंडगार्डनच्या पुलाखाली बादलीभर पाणी काढलं आणि ते गढूळ निघालं, तर गाळ मुळेतून आला की मुठेतून, हे त्या बादलीवरून कसं सांगणार? आता समजा मुठेचं पाणी खूप कमी झालंय आणि मुळा भरून वाहतेय. मुठेत कितीही गाळ असला तरी बंडगार्डनला पाणी बऱ्यापैकी स्वच्छच दिसेल. बाळाच्या ब्लॅडरमधली लघवी म्हणजे संगमानंतरचं पाणी. तुमच्या बाळाची उजवी किडनी चांगली आहे. ती भरपूर, निरोगी लघवी सोडतेय. डावीकडे खरोखर अडथळा असेल तर तिथून येणारी लघवी कमी असणार, म्हणजे ज्या किडनीची हाक ऐकायची तिचाच आवाज मिसळताना बारीक होतो. ऑपरेशनच्या वेळी थेट फुगलेल्या पेल्व्हिसमधून घेतलेल्या नमुन्यात हे रेणू पाहता येतात. पण ऑपरेशन करून केलेली तपासणी आजींना नकोच आहे आणि मलाही.

याच कारणाने रुटीन तपासणी फसवते. रुटीनमध्ये आपण पू-पेशी, लाल पेशी, साखर, प्रथिनं बघतो. एका बाजूच्या अडथळ्यात हे सगळं महिनोन्‌महिने अगदी स्वच्छ असू शकतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, तेही नॉर्मल राहतं, कारण चांगली किडनी दोघींचं काम ओढून नेते. माझ्याकडे एक मुलगी अशी आली होती. तान्ही असताना तिची फुगलेली किडनी सापडली होती. लघवी आणि क्रिएटिनिन दोन्ही नॉर्मल म्हटल्यावर घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सोनोग्राफीला येणं थांबवलं. तीन वर्षांनी ती थंडी-ताप आणि पाठीच्या दुखण्याने आली, तेव्हा ती किडनी निम्म्याहून कमी काम करत होती. तिच्या वडिलांनी मला दोन्ही रिपोर्ट दाखवले, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. दोन्ही खरे होते. त्यांना जे विचारलं होतं त्याचं त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं, पण आपल्याला हवा होता तो प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. हे मी कधी विसरत नाही.

संगमाशिवाय आणखी काही गोष्टी आड येतात. नवजात बाळाची किडनी स्वतःच घडत असते. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत तिचं गाळण्याचं काम जवळजवळ दुप्पट होतं आणि मोठ्या माणसाच्या प्रमाणात यायला दीड-दोन वर्षं लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवसाचा आकडा आणि तिसाव्या दिवसाचा आकडा एकाच पट्टीवर मोजता येत नाही. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत एनजीएएल मुळातच जास्त असतो, आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त. लघवीत जंतुसंसर्ग झाला तर तो आणखी उसळतो, अडथळा असो वा नसो. शिवाय लघवी पातळ आहे की घट्ट, यावर कुठल्याही रेणूचं प्रमाण बदलतं. ते सावरायला आम्ही लघवीतल्या क्रिएटिनिनने भागतो. पण बाळाच्या लघवीतलं क्रिएटिनिनच वयाप्रमाणे बदलत असतं. ज्या मापाने मोजायचं तेच स्थिर नाही.

वडिलांनी वाचलेलं बहुधा २००६ सालचं संशोधन असावं. फ्रान्समधल्या तूलूझच्या गटाने एका रेणूच्या मागे न लागता लघवीतल्या प्रथिनांच्या कितीतरी लहान तुकड्यांचा एकत्र नकाशा काढला. पीयूजे म्हणजे पेल्व्हिस आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्यापाशी अडथळा असलेल्या नवजात बाळांत त्यांनी हा नकाशा वापरला, आणि कुणाला ऑपरेशन लागेल, कुणाचं आपोआप सुधारेल, हे नऊ महिने आधी ९४ टक्के अचूकतेने सांगितलं. ते वाचलं त्या दिवशी मलाही वाटलं होतं की दहा वर्षांत आपला स्कॅन मागे पडेल. तसं झालं नाही. बाळांची संख्या लहान होती. नंतर दुसरीकडे पडताळून पाहिलं तेव्हा वर्षाच्या आतल्या बाळांत पद्धत बरी चालली, मोठ्या मुलांत अचूकता घसरली. आणि त्यासाठी लागणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर आणि त्याच्या पुढचं गणित, हे काही कोपऱ्यावरच्या लॅबचं काम नाही. त्याच देशातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये गर्भातल्या बाळाच्या लघवीतल्या १२ पेप्टाइडवरून, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांवरून, मूत्रमार्गातल्या पडद्याच्या आजाराचं भवितव्य वर्तवण्याची पद्धत मांडली. दिशा बरोबर आहे, असं मला मनापासून वाटतं. पण तुमच्या बाळाचा निर्णय येत्या महिन्यात घ्यायचाय.

एनजीएएलबद्दल वेगळं सांगते, कारण हे नाव तुम्हाला एखाद्या प्रयोगशाळेच्या यादीत दिसू शकतं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये लघवीतल्या एनजीएएलच्या एका तपासणीला मुलांसाठी मान्यता मिळाली. ती तीन महिन्यांपासून एकवीस वर्षांपर्यंतच्या, अतिदक्षता विभागातल्या आजारी मुलांमध्ये किडनीला अचानक इजा होण्याचा धोका ओळखण्यासाठी आहे. घरी छान दूध पिणाऱ्या, पाच आठवड्यांच्या बाळाच्या फुगलेल्या किडनीसाठी ती नाही. कुणी पैसे घेऊन करून दिली, तरी आलेल्या आकड्याचं काय करायचं हे मला ठरवता येणार नाही. ती करू नका.

मग लघवी तपासायचीच नाही का? तपासायची, पण जंतुसंसर्गासाठी. फुगलेल्या किडनीत साचलेल्या लघवीत जंतू शिरले तर तान्ह्या बाळाला तासाभरात मलूल करतात. तीन महिन्यांच्या आतल्या अशा बाळाला १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर ताप आला, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, पाठवायचं. इथे लघवीची तपासणी खरंच निर्णय बदलते.

आणि ती लघवी कशी घेता, यावर सगळं अवलंबून आहे. चिकटणारी पिशवी लावून घेतलेला नमुना कल्चरला पाठवू नये, हे मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना इतक्यांदा सांगते की ते कंटाळतात. पिशवीत त्वचेवरचे, शीच्या जागेचे जंतू हमखास मिसळतात. पिशवीच्या एका खोट्या कल्चरपायी एका बाळाला सात दिवस शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागल्याचं मी पाहिलंय. पिशवीतली लघवी अगदी स्वच्छ निघाली तर संसर्ग नाही एवढं मानता येतं. काही उगवलं तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही. चांगला मार्ग म्हणजे धार सुरू झाल्यावर मधली लघवी निर्जंतुक डबीत झेलणं. बाळाला पोटभर पाजा, वीस-पंचवीस मिनिटं थांबा, खालचा भाग साध्या पाण्याने धुऊन पुसा. मग गार पाण्यात भिजवलेल्या गॉजने ओटीपोटावर हळूहळू गोल चोळा. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत या साध्या उपायाने पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी लघवी केली. नुसतं वाट बघणाऱ्यांत १२ टक्क्यांनी. दुसऱ्याने डबी उघडी धरून तयार राहायचं. आपल्याकडे आजी आणि न्हाऊ घालणारी मावशी या कामात डॉक्टरांपेक्षा पटाईत असतात, हे मी अनुभवाने सांगते. बाळ खूप आजारी असेल आणि वेळ नसेल तर बारीक नळी घालून नमुना घ्यावा लागतो. तेव्हा नाही म्हणू नका.

आता ज्या स्कॅनची भीती वाटतेय त्याबद्दल. दोन महिन्यांची मुदत मनाने दिलेली नाही. किडनी लहान आणि अपरिपक्व असताना औषध नीट शोषलं जात नाही आणि चित्र फसवं येतं, म्हणून भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा ते आठ आठवड्यांनंतर स्कॅन करायला सांगितलंय. योगायोगाने तोवर तुमचा सव्वा महिनाही उलटलेला असेल, त्यामुळे बाळाला बाहेर काढण्यावरून घरात वाद व्हायचं कारण उरणार नाही.

स्कॅनच्या दिवशी हातावर एक बारीक सुई लागते. तीच काय ती सुई. बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून कॅमेऱ्यावर ठेवतात. बहुतेक बाळं झोपतात, गुंगीचं औषध लागत नाही. टेक्निशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ जोडलेलं ईसी औषध शिरेतून देतात. दोन्ही किडन्या ते रक्तातून किती उचलतात ते कॅमेरा वेगवेगळं मोजतो. इथेच संगमाची अडचण संपते : मुळेचं पाणी वेगळं, मुठेचं वेगळं. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देऊन साचलेलं औषध किती वेगाने खाली उतरतं तेही बघतात. धरणाचा दरवाजा उघडून पातळी किती भराभर घटते ते पाहण्यासारखंच हे आहे. टेक्निशियमचा अर्धायुष्यकाळ सहा तास. बाळाच्या वजनाप्रमाणे मात्रा दिली तर एकूण किरणोत्सर्ग साधारण एका मिलिसिव्हर्टच्या (हे किरणांचं माप) आसपास किंवा त्याहून कमी असतो. माती, हवा, आकाश यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. आजींना एवढंच सांगा की दूध तोडायचं नाही, बाळाला जवळ घ्यायचं, फक्त त्या दिवशी लंगोट वरचेवर बदलायचे आणि हात धुवायचे.

एक व्यवहाराची गोष्ट सांगते, जी रिपोर्टवर लिहिलेली नसते. पुढे स्कॅन पुन्हा करावा लागला तर त्याच केंद्रात, त्याच औषधाने करा. एकदा डीटीपीए हे दुसरं औषध, दुसऱ्यांदा ईसी, एकदा बाळ उपाशी, एकदा भरपेट, अशा दोन स्कॅनची तुलना करून किडनीचं काम घटलं असं ठरवणं म्हणजे वेगवेगळ्या तराजूंवर बाळाचं वजन करून बाळसं उतरलं म्हणण्यासारखं आहे. लहान बाळात फक्त औषध उतरायला लागणाऱ्या वेळेवरून मी कधी निर्णय घेत नाही. फुगलेल्या मोठ्या पोकळीतून औषध उतरायला वेळ लागणारच. माझं पहिलं लक्ष असतं ते दोन किडन्यांमधल्या कामाच्या वाटणीकडे. डावीकडचा वाटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आला तर दोघी समसमान काम करताहेत. तो ४० च्या खाली असेल आणि उतारही अडलेला असेल, किंवा आधीच्या स्कॅनपेक्षा पाच-दहा टक्क्यांनी घसरला असेल, किंवा सोनोग्राफीत फुगवटा वाढत आणि किडनीचा मांसल भाग पातळ होत चालला असेल, तर ऑपरेशनचं बोलायचं.

तशी वेळ आलीच तर घाबरून जाऊ नका. अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ मध्ये सांगितलेली पायलोप्लास्टी आजही केली जाते. अरुंद तुकडा कापून काढायचा आणि दोन रुंद टोकं जोडायची. पुण्यात हे ऑपरेशन करणारे अनुभवी बालशल्यचिकित्सक आहेत आणि त्याचं यश खूप चांगलं आहे. मात्र त्यानंतरही पेल्व्हिस लगेच लहान होत नाही, महिने लागतात. त्याने निराश व्हायचं नाही. पण ग्रेड ३-४ चा एका बाजूचा फुगवटा असलेल्या बाळांवरही घाईने ऑपरेशन न करता बारकाईने लक्ष ठेवलं, तर साधारण चौथ्या हिश्श्यालाच पुढे ऑपरेशन लागतं, असा अनुभव १९९० च्या दशकापासून जमा झालाय. तुमच्या बाळाचं १४ मिलिमीटर, मूत्रवाहिनी फुगलेली नाही, दुसरी किडनी चांगली. मला तुमच्या जागी बसून झोप लागली असती, तारखा पाळण्याच्या अटीवर.

तारखा म्हणजे आत्ता सहाव्या आठवड्याच्या सुमारास एक सोनोग्राफी, मग स्कॅन, त्यात काही घाईचं नसेल तर तीन महिने, सहा महिने, वर्ष, अशा सोनोग्राफ्या. प्रत्येक वेळी जुना रिपोर्ट सोबत न्यायचा आणि सोनोग्राफी करणाऱ्यांना मागचा आकडा सांगायचा. बाळ कमी-जास्त दूध प्यायलेलं असेल, ब्लॅडर भरलेलं असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. एका आकड्यावरून रडायचं नाही आणि पेढेही वाटायचे नाहीत.

काही बाळांच्या बाबतीत मात्र हे सगळं धीराचं वेळापत्रक लागू होत नाही. दोन्ही किडन्या फुगलेल्या असतील, किडनी एकच असेल, किंवा ब्लॅडरची भिंत जाड असेल, तर जन्मानंतर एक-दोन दिवसांतच सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्या करायच्या. मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पातळ पडदा असण्याचा एक आजार आहे, पोस्टीरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह. तो मुलींना होत नाही. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती हवीच. त्यामुळे पोटात असताना शंका आली तरी ‘खालच्या मार्गात अडथळा असावा’ एवढंच अहवालात येतं. अशा बाळाच्या जन्माचा फोन आला की मी पेढ्यांच्या आधी विचारते, मुलगा आहे ना, मग शू करताना धार कशी आहे? १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या गर्भशल्यचिकित्सकांनी अशाच बाळांच्या लघवीचा नमुना आईच्या पोटातून सुईने घेऊन त्यातलं सोडियम मोजायला सुरुवात केली. ते लिटरमागे १०० मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली असेल तर किडनी अजून तग धरून आहे असं मानत. लघवीच्या तपासणीने अडथळ्यातला मोठा निर्णय ठरण्याचं ते जुनं उदाहरण. पण त्यात सुई होतीच.

तुमच्या बाळाचं ब्लॅडर व्यवस्थित आहे, तरी धार बघाच. मालिश झाली, अंगावर ऊन पाणी पडलं की मुलगे हमखास शू करतात. ती कमानीसारखी लांब जाते का, की थेंब थेंब ठिबकते, कुंथून होते, मध्येच तुटते, हे न्हाऊ घालणाऱ्या मावशींना बघायला सांगा. मोबाइलवर एक व्हिडिओ काढून ठेवा. पंधरा सेकंदांचा असा व्हिडिओ मला कित्येकदा लघवीच्या चार रिपोर्टपेक्षा जास्त सांगून गेलाय.

किडनी साफ व्हावी म्हणून बाळाला धने-जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी, गोखरूचा काढा द्यायचा विचार असेल तर तो सोडा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. सांध्यापाशी वाट अरुंद असेल तर पाणी पाजून ती रुंद होत नाही, उलट मागचा फुगवटा वाढतो. सर्जननी संसर्ग टाळायला रोज थोडं प्रतिजैविक सांगितलं असेल तर ते का, किती दिवस, हे त्यांना विचारून घ्या. ग्रेड आणि मूत्रवाहिनी यांवरून ते ठरतं, प्रत्येक बाळाला लागत नाही.

स्कॅनची तारीख घ्यायला फोन कराल तेव्हा दोन गोष्टी विचारा : बाळांसाठी मात्रा वजनावर देतात का, आणि औषध ईसी आहे ना. अर्धा तास आधी बाळाला पोटभर पाजा. आजींना सोबत न्या. गुंडाळलेलं बाळ कॅमेऱ्याखाली झोपलेलं त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की घरातला अर्धा विरोध तिथेच मिटेल. परत आल्यावर रिपोर्टमधले दोन्ही किडन्यांचे टक्के आणि त्या दिवशीचं बाळाचं वजन एका वहीत लिहून ठेवा.